वाटाण्याच्या वेलीमागचे हात

आपल्याकडच्या चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण बहुधा ३ मे १९१३ या तारखेपासून आरंभ करतो. त्या दिवशी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखवला गेला आणि धुंडिराज गोविंद फाळके हे नाव भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून कायमचे रुजले. या तारखेविषयी किंवा या बिरुदाविषयी आमची तक्रार नाही. मात्र या आरंभाच्याही आधी एक आरंभ आहे. १९१२ साली फाळक्यांनी एक चिमुकली फीत तयार केली होती. तिच्यात राजा नव्हता, राणी नव्हती, कथानकही नव्हते. कुंडीत पेरलेला वाटाणा उगवतो, त्याला कोंब फुटतो आणि पाहता पाहता त्याची वेल होते, एवढेच त्या मिनिटभराच्या चित्रपटात होते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती फीत ओळखली जाते. आज ती उपलब्ध नाही. चित्रपटविषयक पुस्तकांत तिला मिळणारी जागाही तिच्या लांबीइतकीच, म्हणजे दोन-चार ओळींची असते.

आमच्या मते या दोन-चार ओळींत एका मोठ्या प्रश्नाचे बीज आहे. प्रयोग करणारा माणूस एकटा असतो, ही आपली लाडकी समजूत. वास्तविक पहिला प्रयोग हा बहुतेक वेळा अनेकांच्या हातून झालेला असतो, आणि इतिहासात मात्र तो एकाच्या खात्यावर जमा होतो. वाटाण्याची ही वेल, तिच्यानंतर सुमारे सहा दशकांनी याच शहरात झालेले दोन सामूहिक प्रयोग आणि आम्ही राहतो त्या मीरा-भाईंदरमधील आजचे एक उदाहरण, अशा क्रमाने हा प्रश्न येथे तपासायचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, शिळाछाप, रंगीत छपाई अशी अनेक क्षेत्रे त्यांनी धुंडाळली. छापखान्याच्या भागीदारीतून बाहेर पडल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांच्या हाती भांडवल उरले नव्हते. याच सुमारास त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला आणि पडद्यावर आपल्या पुराणकथा दिसाव्यात असा ध्यास घेतला. या ध्यासाची हकीकत त्यांनी स्वतःच १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातील लेखांतून सांगितली आहे. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून त्यांची दृष्टी अधू झाली, उपचारांनंतर ती परत आली, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मदत केली, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहता आला, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडणारे यंत्र यांची खरेदी ठरली. १ एप्रिल १९१२ रोजी ते परतले, आणि यंत्रसामग्री मे महिन्यात येऊन पोहोचली.

यंत्र आले, पण पैसा नव्हता. सावकाराला यंत्र दाखवून पैसा मिळत नाही. त्या यंत्रातून काय निघते हे त्याला पाहायचे असते. ‘अंकुराची वाढ’ या गरजेतून जन्माला आली. आज आपण तिला प्रायोगिक लघुपट म्हणू, परंतु निर्मात्याच्या दृष्टीने ती एक तारणवस्तू होती. सोने गहाण ठेवावे तसा फाळक्यांनी येथे आपला विश्वासार्हपणाच पुढे केला.

या फितीविषयी सांगितला जाणारा एक लोकप्रिय तपशील असा की, फाळके रोज कुंडीचे एकेक चित्र घेत आणि असे महिनाभर चालले. हा तपशील ऐकायला गोड आहे, पण हिशेबाला टिकत नाही. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी पडद्यावरून सरकत. रोज एक चौकट घेतली तर महिन्याच्या ३० चौकटी होतात, म्हणजे पडद्यावर पुरते दोन सेकंदही नाहीत. फीत तर मिनिटभराहून थोडी अधिक होती असे सांगतात. एका मिनिटाला ९६० चौकटी लागतात. महिन्याच्या दिवसांनी भागले तर रोजच्या किमान ३२ चौकटी येतात. उजेडाचे बारा तास धरले, तर दर वीस-बावीस मिनिटांनी कुणीतरी कॅमेऱ्यापाशी जाऊन एक चौकट घेतली पाहिजे. त्या काळच्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेऱ्यात सहसा आठ चौकटी पुढे जात. त्यातून एकच घ्यायची तर ती जपून, मोजून घ्यावी लागे.

आता त्या घराची कल्पना करावी. कुंडी जागची हलता कामा नये, कॅमेरा हलता कामा नये, घरातली लहान मुले जवळ फिरकता कामा नयेत, वाटाण्याला पाणी तर मिळाले पाहिजे पण पाणी घालताना कुंडीला धक्का लागता कामा नये. असे एक दिवस नव्हे, महिनाभर. ही राखण एकट्या माणसाच्या हातून होणारी नव्हे. ज्या घरात बाईमाणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत वावरते, त्या घराचा संपूर्ण दिनक्रम त्या कुंडीभोवती फिरल्याशिवाय हे काम तडीस जाणे अशक्य आहे. मिनिटभराची ती फीत म्हणजे एका कुटुंबाचे महिनाभराचे अवधान होते.

वनस्पतीची वाढ अशी वेगवान करून दाखवणे जगात नवे नव्हते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या आगेमागे असे प्रयोग केले होते, आणि इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ १९१० साली प्रेक्षकांनी पाहिला होता. फाळक्यांच्या फितीचे नावीन्य तंत्रात नव्हते. प्रयोगशाळा नाही, स्टुडिओ नाही, पगारी साहाय्यक नाही, अशा एका संसारी बिऱ्हाडात ती झाली, हे तिचे नावीन्य.

येथे सरस्वतीबाई फाळके यांच्याकडे वळले पाहिजे. दादासाहेबांशी त्यांचा विवाह १९०२ मध्ये झाला. त्यांचे माहेर किर्लोस्कर नाटक मंडळीशी नात्याने जोडलेले. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे दादासाहेबांनी त्यांना शिकवली आणि त्या ती करीत, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. ही नोंद आपण सहज वाचून पुढे जातो. तिचा अर्थ मात्र आकड्यांत पाहण्यासारखा आहे. त्या वेळी कोरी फिल्म बिनछिद्रांची येई. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे एकूण आठ छिद्रे लागतात. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे १२८ छिद्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. केवळ एका प्रतीचा हिशेब केला तरी ही संख्या ४,७०,००० च्या पुढे जाते. यंत्र असले तरी ते चालवायचे हाताने, आणि तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. छिद्र केसभर सरकले तर पडद्यावरचे चित्र थरथरते. आपल्या पहिल्या चित्रपटातील राजा स्थिर उभा राहिला असेल, तर त्याचे काही श्रेय काळोख्या खोलीत बसलेल्या या बाईंना द्यावे लागते.

अंकुराची फीत निवडक लोकांना दाखवली गेली. यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे यांसारखे लोक कर्ज द्यायला तयार झाले, आणि सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. पुढे चित्रीकरणाच्या वेळी त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवीत आणि रात्री पुन्हा फिल्मच्या कामाला बसत. मंडळींत त्या ‘काकी’ होत्या. तारामतीची भूमिका त्यांनी करावी ही सूचना त्यांनी नाकारली, असेही सांगतात. चूल आणि अंधारखोली सांभाळणारा माणूस पडद्यावरही गेला असता, तर चूल आणि अंधारखोली कुणी सांभाळायची, असा साधा हिशेब त्यामागे असू शकेल. तारामती झाले अण्णा साळुंके, रोहिताश्व झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके, आणि कॅमेरा हाताळला त्र्यंबक तेलंग यांनी.

या सहभागाचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. सरस्वतीबाईंच्या श्रमाला आपण आज ‘सर्जनशील सहकार्य’ असे भारदस्त नाव दिले, तरी १९१२ च्या महाराष्ट्रातील पत्नीला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक किती होती, हा प्रश्न उरतोच. जे सहकार्य नाकारता येत नाही, त्याला सहकार्य म्हणावे की कर्तव्य? दुसरीकडे, तारामतीची भूमिका त्यांनी नाकारली असेल तर त्यांना नकार ठाऊक नव्हता असेही म्हणवत नाही. एवढे मात्र निश्चित की घरातील ही भागीदारी टिकली आणि बाजारातील टिकली नाही. १९१८ मध्ये भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि अल्पावधीतच मतभेद होऊन फाळके सर्व सोडून काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ते परतले खरे, परंतु पूर्वीची घडी बसली नाही. घरात ज्या हातांची गणतीच होत नव्हती त्यांच्याशी वाद उद्भवला नाही. जेथे प्रत्येकाचा वाटा कागदावर होता तेथे तो उद्भवला. सहनिर्मितीच्या इतिहासातील ही अवघड गाठ आहे. मोजदाद केली की भांडण होते, आणि न केली तर अन्याय होतो.

या गाठीवर मुंबईतच पुढे एक वेगळा तोडगा काढून पाहिला गेला. १९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली. ती रक्कम एकट्याच्या चित्रांवर खर्च करण्याऐवजी त्यांनी नेपियन सी रोडवरील एका जागेत सामायिक कार्यशाळा उभी केली. ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ हे तिचे नाव. चित्रकार, छायाचित्रकार, मुद्राचित्रकार, चित्रपटकार अशा निरनिराळ्या माध्यमांतील माणसांनी एकमेकांची साधने वापरावीत, एकमेकांचे पाहावे आणि आपापले करावे, अशी ही योजना १९७२ पर्यंत चालली. तेथे पदमसींनी ‘सिझिजी’ हा आपला पहिला लघुपट केला. सुमारे ११ मिनिटांचा, निःशब्द, केवळ बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचा. त्यासाठी हजारभर रेखाटने लागली आणि ती सजीव करण्याचे काम राम मोहन यांनी केले. त्यांचा दुसरा लघुपट ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. त्याला गीता साराभाईंचे संगीत होते. त्याची एकमेव प्रत पुढे हरवली, आणि २०१६ मध्ये असीम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींसोबत त्या हरवलेल्या फितीचा मागोवा घेणारा नवा लघुपट केला. वाटाण्याची वेल हरवली आणि हा मेघकक्षही. तरी दुसऱ्याची आठवण पुन्हा उभी करता आली, कारण तो पाहिलेली, त्यात हात घातलेली माणसे हयात होती.

याच कार्यशाळेत नलिनी मलानी ही जे. जे. तून नुकतीच बाहेर पडलेली तरुणी होती. १९६९ मध्ये तिने ‘ड्रीम हाउसेस’ नावाचा लघुपट केला. इमारतीच्या एका छोट्या प्रतिकृतीवर रंगीत प्रकाश खेळवून, चौकटीमागून चौकट टिपून केलेला. नव्या राष्ट्राच्या नव्या घरांचे ते स्वप्न होते. १९७६ मध्ये तिने त्याच्या शेजारी दुसरी, कृष्णधवल फीत ठेवली. तिच्यात एक तरुणी उंचावरून खालच्या शहराकडे पाहते. दोन्ही मिळून ‘युटोपिया’ झाले. स्वप्न आणि त्याचा ताळा शेजारी-शेजारी मांडण्याची ही रीत आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

तिसरा तोडगा त्याच वर्षीचा. १९७६ मध्ये पुण्याच्या चित्रपटसंस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून एक नव्हे, चार नावे लागली: के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. तो लघुपट नव्हे, परंतु सामूहिक दिग्दर्शनाचा इतका उघड प्रयोग आपल्याकडे विरळा. यांतील कमल स्वरूप पुढे अनेक वर्षे फाळक्यांच्या मागावर राहिले. काशीतील फाळक्यांवर त्यांनी ‘रंगभूमी’ हा चित्रपट केला, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ज्याने चौघांत मिळून चित्रपट केला, त्याला एकट्या पडलेल्या फाळक्यांचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे.

आता स्वप्नातील घरांकडून प्रत्यक्ष घरांकडे येऊ. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस नया नगर ही वस्ती आहे. नावातच नवेपण असलेली. १९८० च्या दशकात येथील इमारती वाढत गेल्या, आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. कुणाचे ते स्वप्नातील घर होते, कुणाचे केवळ सुरक्षित घर. या वस्तीकडे कॅमेरे वळतात ते बहुधा अशांततेच्या दिवशी. जानेवारी २०२४ मध्ये येथे तणाव झाला, पाठोपाठ पाडकाम झाले, आणि काही दिवस वाहिन्यांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या होत्या. नंतर त्या गेल्या. वस्ती राहिली, ती दाखवण्यात कुणाला स्वारस्य उरले नाही.

येथे राहणाऱ्या आमच्या काही विद्यार्थ्यांनी अलीकडे आपला पहिला लघुपट करायचे ठरवले. कल्पना अशी: एका इमारतीचा जिना, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांमधील वळण, तेथे एकच मोबाइल तिकाटण्यावर पक्का बसवायचा आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत ठरावीक अंतराने चित्रे घ्यायची. कथा नाही, संवाद नाही. ‘अंकुराची वाढ’ त्यांनी पाहिलेली असणे शक्य नव्हते, तरी तीच रीत त्यांना सुचली. काम सुरू होताच सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी लागली. मोबाइल चार्ज करण्यासाठी पहिल्या मजल्यावरच्या खालांनी दाराबाहेर वायर काढून दिली. दोन घरांतील बायकांनी आपण चित्रात नको असे सांगितले, म्हणून कॅमेरा वितभर खाली आणावा लागला. त्यामुळे चेहरे गेले आणि फक्त पावले, पिशव्या, दुधाच्या कॅन, शाळेची दप्तरे, औषधांचे पुडे उरले. मुलांना आधी वाईट वाटले. आमच्या मते लघुपट त्या वितभरामुळेच झाला. कॅमेऱ्याची जागा दिग्दर्शकाने ठरवली नव्हती, दोन दारांआडच्या नकाराने ठरवली होती.

वाद पुढे झाला, आणि तो अपेक्षितच होता. शेवटी नाव कुणाचे? ज्याचा मोबाइल त्याचे, कल्पना जिची तिचे, की रात्रभर जागलेल्या दोघांचे? आणि खालांचे नाव घालायचे का? एकाने म्हटले, वीज देणे म्हणजे काही चित्रपट करणे नव्हे. त्याला आम्ही सरस्वतीबाईंविषयी सांगितले. तो म्हणाला, ‘सर, त्यांनी तर फिल्म धुतली होती.’ उत्तर चोख होते. वाद मिटलेला नाही आणि तो घाईने मिटवावा असे आम्हांलाही वाटत नाही. श्रेय वाटून घेताना भांडणारे गट आम्हांला, श्रेयाचा प्रश्नच न पडलेल्या घरांपेक्षा, अधिक निरोगी वाटतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला या वादाचे मोल निराळे आहे. फीत हरवते. सेल्युलॉइड कुजते, प्रत प्रवासात गहाळ होते, आणि मोबाइलमधील चित्रे तर एका बिघाडासरशी नाहीशी होतात. मागे राहते ती नोंद. ‘अंकुराची वाढ’विषयी आज आपल्याला जे थोडेबहुत सांगता येते ते पडद्यावर काय होते यापुरतेच आहे. त्या कुंडीला पाणी कुणी घातले, दुपारच्या झोपेच्या वेळी कॅमेऱ्याचा दांडा कुणी फिरवला, हे कुणी लिहून ठेवले नाही, कारण ते लिहिण्याजोगे वाटले नाही. उलट पदमसींच्या कार्यशाळेतील कामाचा माग काढता येतो, तो नावे शिल्लक राहिली म्हणून. चित्रपटाच्या शेवटी धावणारी नामावली आपण उठून जाण्याची खूण मानतो. वस्तुतः तोच त्या चित्रपटाचा सर्वांत प्रामाणिक इतिहास असतो, किंवा तसा तो असावा.

जनक हा शब्द फाळक्यांना शोभतो आणि तो त्यांच्याकडून काढून घेण्याचे कारण नाही. मात्र जनक म्हटले की जननीही आली, दाई आली, रात्रीची जागरणे करणारी माणसे आली, उसने पैसे देणारे शेजारी आले. वाटाण्याचा अंकुर आपोआप वाढला, असे पडद्यावर दिसले असेल. तो आपोआप वाढताना दिसावा म्हणून एक घर महिनाभर जागे होते, आणि पहिल्या भारतीय प्रायोगिक लघुपटाची कर्ती म्हणून त्या घराचे नाव लावायला आता हरकत नसावी.